निळ्या शाईचं कडं

मुलांनो, जरा डोळे मिटा बरं. अगदी घट्ट. पापण्यांच्या फटीतून बघायचं नाही.

आता अशी कल्पना करा, की तुमच्यासमोर कुणीतरी मांडी घालून बसलं आहे आणि त्याच्या हातात कोंबडीचं एक मऊ पीस आहे. ते पीस तो तुमच्या अंगावर कुठेतरी टेकवणार आहे. कुठे, ते सांगणार नाही. तुम्ही डोळे न उघडता, जिथे पीस लागलं तिथे बोट ठेवायचं. मनगटाला लागलं? ठेवा बोट. मानेला? ठेवा. गुदगुल्या होतात, हसू फुटतं, पण बोट नेमकं तिथेच जातं. न बघता कसं जातं, याचा कधी विचार केला होता का?

आणि आता अशीही कल्पना करा, की तुम्ही बोट उचलून तयार बसला आहात आणि पीस काही लागत नाही. तुम्ही म्हणता, "लाव ना लवकर!" समोरचा माणूस मात्र गप्प. कारण पीस केव्हाचं तुमच्या गालावर टेकलेलं आहे.

उघडा डोळे. ही गोष्ट त्या पिसाची आहे. रत्नमाला गुरनुले नावाच्या एका बाईची आणि तिच्या नऊ वर्षांच्या मुलीचीही आहे. ती अजून घडलेली नाही. तुम्ही मोठे होऊन कामाधंद्याला लागाल, त्या सुमाराची ती आहे.

वैनगंगेच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या शेतांमध्ये, पिपरटोला नावाचं गाव होतं. रत्नमाला तिथली आशाताई. गावातल्या गरोदर बायकांची, तान्ह्या मुलांची, तापकरी म्हाताऱ्यांची काळजी तिच्याकडे. नवरा प्रफुल्ल राईस मिलमध्ये कामाला. मुलगी नक्षत्रा, पण तिला सगळे नक्षी म्हणत. रत्नमालाच्या घराच्या दाराआड एका खिळ्याला दोऱ्याने एक पांढरं पीस टांगलेलं असे. ते तिला पुंडलिक कोहपरे यांनी दिलं होतं.

कोहपरे काकाजींनी सरकारी नोकरीत तीस वर्षं एकच काम केलं, कुष्ठरोग शोधण्याचं. सायकलवरून गावोगाव जायचं, प्रत्येक माणसाचं अंग उजेडात बघायचं. कुठे फिकट चट्टा दिसला, की डोळे मिटायला सांगून त्याच्यावर पीस टेकवायचं. जिथे बोट आलं नाही, तिथे शर्टाच्या खिशातलं निळ्या शाईचं पेन काढून त्या चट्ट्याभोवती एक कडं काढायचं. मग गोळ्या सुरू. सहा महिने, फार तर बारा. रोग बरा. माणूस धडधाकट.

"इतकं सोपं?" नवीन नवीन असताना रत्नमालाने विचारलं होतं.

"सोपंच आहे बाई. फक्त वेळेवर दिसलं पाह्यजे," काकाजी म्हणाले होते.

वेळेवर, हा शब्द नीट लक्षात ठेवा. बाकीचे बरेचसे जंतू घाईचे असतात. अर्ध्या तासात एकाचे दोन. हा जंतू मात्र भारी संथ. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. त्याला अंगातली थंड जागा आवडते, म्हणून तो कातडीत आणि कातडीलगतच्या नसांमध्ये जाऊन बसतो. दुखत नाही, खाजत नाही, ताप येत नाही. वर्षानुवर्षं तो आत नसा कुरतडत राहतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही. तो चुकून एकच खूण मागे सोडतो, कातडीवरचा फिकट, बधिर चट्टा. ती खूण हेरली तर माणूस वाचला. नाही हेरली, तर पुढे बोटं वाकतात, पायाला जखमा होतात, डोळे मिटेनासे होतात. जुन्या काळी अशा माणसांना गावाबाहेर झोपडी बांधून ठेवत. तो रोग सहजासहजी पसरत नाही आणि गोळ्या सुरू झाल्यावर तर मुळीच नाही. पण भीती मात्र भराभर पसरत असे.

अशा त्या गावात 'निरभ्र' आला.

निरभ्र म्हणजे चेहऱ्यावर घालायचा एक मुखवटा. आतून मऊ, पांढरा. शहरात तो दोन वर्षं आधीच घरोघरी झाला होता. महिलांच्या बचत गटाने गावासाठी एक आणला, तेव्हा समाजमंदिरात बायकांची रीघ लागली. कुणाच्या गालावर बाळंतपणानंतरचे वांग, कुणाच्या नाकावर मुरुमांचे काळे डाग, कुणाच्या हनुवटीवर लहानपणीच्या भाजल्याची खूण. चेहऱ्याला गार मलम लावायचं, मुखवटा चढवायचा, आत वीस मिनिटं निळसर उजेड. असं आठवड्यातून तीनदा. महिनाभरात चेहरा एकसारखा. पुढे हातापायांसाठी त्याचे पट्टेही आले.

तो काम कसा करत होता, ते समजून घ्यायला आपण जेवणाच्या पंगतीत जाऊ. आपल्या कातडीच्या खालच्या थरात रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. एकेक रंगपेशी म्हणजे पंगतीतला एकेक वाढपी. तिला फांद्यांसारखे हात असतात आणि त्या हातांनी ती आसपासच्या तीस-चाळीस पेशींच्या पानात रंग वाढते. एखाद्या वाढप्याने हात सैल सोडला, की तिथे काळा डाग. आखडता घेतला, की फिकट चट्टा. शास्त्रज्ञांना सापडलं ते असं, की प्रत्येक वाढप्याच्या हातात एक चिठ्ठी पोचवता येते. स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म थेंबांत गुंडाळून ती मलमातून आत जाते आणि मुखवट्याच्या उजेडाने उघडते. चिठ्ठीत एकच वाक्य: शेजारचा किती वाढतो ते बघ आणि तेवढंच वाढ.

बस्स. वाढपी ऐकतात. सगळ्या पानांत सारखा रंग.

शोध खोटा नव्हता. त्याने कुणाची कातडी भाजली नाही, कुणाला इजा केली नाही. जी मुलगी डागांमुळे मान खाली घालून चालायची, ती वर बघून चालू लागली. हे चांगलंच झालं. फक्त चिठ्ठी देताना 'तू हात का आखडलास?' असं त्या वाढप्याला कुणी विचारलं नाही.

"काकाजी, बसा ना तुम्ही पण," समाजमंदिराच्या पायरीवर टेकलेल्या कोहपऱ्यांना शेवंता म्हणाली. शेवंता बचत गटाची अध्यक्ष, रत्नमालाची शेजारीण, आवाज खणखणीत. "तोंडावर किती काळे डाग झाले तुमच्या! एक महिन्यात नवरदेव दिसान."

"मंग काकी ओळखन का मले? दारातूनच हाकलून देईन."

"हाकलून कायले देईन? खुश होईन ते!"

"पंचावन्न वर्षं ह्या तोंडावर भांडली ते," काकाजी म्हणाले. "आता नवीन तोंडावर पयल्यापासून सुरू करायचं म्हणजे तिलेच त्रास."

बायका खो खो हसल्या. रत्नमालाही हसली. तिच्या स्वतःच्या गालावरचे वांग त्याच आठवड्यात मावळले होते.

त्या वर्षीची कुष्ठरोग पाहणी रत्नमालाने चार दिवसांत उरकली. पूर्वी पंधरा दिवस लागत. आता काम मोबाईलवर होतं. माणसाच्या अंगाचे फोटो काढायचे, मोबाईल स्वतःच चट्टा शोधायचा. चट्टा सापडला, तरच पुढचं पान उघडायचं, 'पीस चाचणी'चं. नाही सापडला, तर हिरवी खूण आणि पुढचा माणूस. पिपरटोल्यात सगळ्यांना हिरवी खूण मिळाली. आजूबाजूच्या गावांतही तसंच.

"एक पण नाही?" काकाजींनी विचारलं.

"एक पण नाही. शून्य."

"पीस किती जणांले लावलं?"

"चट्टाच नाही तर पीस कुठं लावू काकाजी? ते पानच उघडत नाही."

"मी मोबाईलचं नाही विचारून राह्यलो. पिसाचं विचारून राह्यलो."

रत्नमालाला राग आला. म्हाताऱ्या माणसाला आपलं जुनं काम संपल्याचं वाईट वाटतं, दुसरं काय, असं तिने मनाशी ठरवलं. पिपरटोला तालुक्यातलं पहिलं 'कुष्ठमुक्त गाव' जाहीर होणार होतं. वेशीवर फलक लागणार होता. आणि मंडईच्या दिवशी, साऱ्या गावासमोर, रत्नमालाचा सत्कार ठरला होता. मंडई म्हणजे त्या भागातली दिवाळीनंतरची जत्रा. पाहुणे येतात, नाच-गाण्यांची दंडार रंगते, नाटक होतं. त्या वर्षीच्या नाटकात छोट्या राजकन्येचं काम नक्षीला मिळालं होतं.

मंडईला सहा दिवस होते. सकाळी अंगणात नक्षीची वेणी घालताना रत्नमालाचा हात थांबला.

नक्षीच्या उजव्या गालावर, डोळ्याच्या खालच्या हाडाजवळ, रुपयाएवढा फिकट डाग होता. उन्हात बघितल्याशिवाय दिसू नये इतका पुसट.

"काय झालं?" नक्षी म्हणाली.

"काही नाही. जंताचा डाग असन. गोळी देतो तुले."

लहान मुलांच्या गालावर असे फिकट डाग पुष्कळदा येतात आणि आपोआप जातात. आपल्याकडे त्यांना जंताचे डाग म्हणतात. शंभरातले नव्व्याण्णव तसेच निरुपद्रवी असतात. रत्नमालाला हे ठाऊक होतं. उरलेल्या एकाचं काय करायचं, तेही तिला गावात सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. ती उठली, दाराआडून पीस काढून आणलं आणि मुलीसमोर बसली.

आता नीट बघा ती काय करते.

नक्षीचे डोळे उघडे होते. ती पिसाकडे बघून हसत होती. रत्नमालाने तिला डोळे मिटायला सांगितलं नाही. हजार माणसांना सांगितलं असेल, पण आज सांगितलं नाही. तिने पीस गालावर टेकवलं.

"कळलं?"

"हो!" नक्षीने बोट बरोबर ठेवलं. समोर दिसत असताना कोण चुकेल?

"कळलं ना? मग झालं तर," रत्नमाला म्हणाली आणि पीस परत खिळ्याला टांगून आली.  सहा दिवसांनी वेशीवर फलक लागणार होता. आशाताईच्याच घरात रोग निघाला म्हटल्यावर लोक काय बोलले असते? आणि नक्षीशी उद्या कोण खेळलं असतं? जंताचाच डाग आहे, तिने स्वतःला सांगितलं. जंताचाच.

दुपारी तिने समाजमंदिरातून मुखवटा आणला. नाटकासाठी तोंड चांगलं दिसायला हवं, असं नक्षीला सांगितलं. मुखवट्यात नक्षीने तोंडाने भुताचे आवाज काढले. मंडईपर्यंत डाग निम्मा झाला आणि महिन्याअखेर गेला. राजकन्येला टाळ्या पडल्या. त्याच रंगमंचावर जिल्ह्याच्या साहेबांनी रत्नमालाला शाल आणि नारळ दिला.

कातडीतला वाढपी चिठ्ठीबरहुकूम पुन्हा रंग वाढू लागला होता. त्याच्या पाठीमागे, नसेत बसलेल्या त्या संथ जंतूला कुणी हात लावला नव्हता.

एक वर्ष गेलं.

पुढच्या मळणीच्या दिवसांत खळ्यावर यंत्र चालू होतं. तुसाचे लोट उठत होते. बायकांनी पदर तोंडाला बांधले होते, सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते, पोरं डोळे चोळून चोळून लाल करत होती. काकाजी धानाच्या पोत्यावर बसून ही गंमत बघत होते. बघता बघता त्यांची नजर नक्षीपाशी थांबली.

नक्षीचा उजवा डोळा लाल होता. कडेला तुसाचं एक कुसळ अडकलेलं स्पष्ट दिसत होतं. आणि ती तो डोळा चोळत नव्हती. डावा डोळा वाऱ्याबरोबर मिटत होता, उजवा तसाच उघडा.

"नक्षे, इकडं ये वं. डोळे मिट पाहू. घट्ट मिट."

"मिटले."

नव्हते मिटले. डावी पापणी गच्च बसली होती. उजवीखाली डोळ्याच्या पांढऱ्या भागाची कोर उघडीच राहिली होती.

"रत्नमाला!" काकाजींचा आवाज यंत्राच्या घरघरीच्या वर चढला. ती धावत आली. "तुझं पीस आण."

"काकाजी, कचरा गेला असन डोळ्यात..."

"पीस आण म्हणतो ना!"

पीस आलं. खळ्याच्या कडेला, चिंचेखाली, काकाजींनी नक्षीच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. मग पीस टेकवलं. कपाळाला. बोट आलं. हनुवटीला. बोट आलं. डाव्या गालाला. आलं. उजव्या गालाला.

रत्नमाला नक्षीच्या बोटाकडे बघत उभी होती. 

"लावा ना काकाजी," नक्षी म्हणाली.

काकाजींनी पीस कडेकडेने सरकवत नेलं, बोट कुठून येतं ते पाहत. मग खिशातून पेन काढलं. मुलीच्या नितळ, एकसारख्या रंगाच्या गालावर त्यांनी निळ्या शाईचं कडं काढलं. आत काहीच नव्हतं. कडं मात्र नेमकं तिथे आलं, जिथे वर्षापूर्वी डाग होता.

"इथं कधी चट्टा होता का?" त्यांनी विचारलं.

रत्नमालाने नक्षीच्या डोळ्यांवरचा रुमाल सोडला. म्हाताऱ्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टर मजुमदार नावाच्या तरुण बाई होत्या. त्यांनी नक्षीचा डोळा दिव्याखाली पाहिला, गालामागची नस चाचपली, कातडीचा कणभर तुकडा तपासायला पाठवला. दोन दिवसांनी रत्नमाला आणि प्रफुल्लला समोर बसवून त्या बोलल्या.

"गोळ्यांनी रोग जाईल. शंभर टक्के जाईल. पण पापणी मिटवणारी नस बरीच खराब झालीय. औषध देऊ, थोडी सुधारेल. बुबुळाची जाणीवही गेलीय, त्यामुळे डोळ्यात काही गेलं तरी तिला कळत नाही. काळ्या भागावर जखम होऊन डाग पडलाय. त्या डोळ्याने तिला आता जेमतेम उजेड आणि सावली दिसेल."

"पुढं दिसन ना?" प्रफुल्लने विचारलं.

"मला खोटं सांगता येणार नाही."

 मग डॉक्टर म्हणाल्या, "मला एक कळत नाही. गालाच्या या जागी चट्टा यायलाच हवा होता. तुम्ही स्वतः आशाताई. तुम्हाला दिसला कसा नाही?"

"दिसला होता," रत्नमाला म्हणाली. "मी पुसला."

प्रफुल्लने मान वळवून बायकोकडे पाहिलं.  बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "तुले माहीत होतं?" तिने होकाराची मान हलवली. त्यानंतर कितीतरी दिवस तो घरात गरजेपुरतंच बोलायचा. भाकर वाढ. दिवा लाव. पोरीचं औषध झालं का.

रत्नमालाने नक्षीच्या आजाराची नोंद करायला मोबाईल उघडला. गालाचा फोटो काढला. मोबाईलने हिरवी खूण दिली. पुन्हा काढला, पुन्हा हिरवी. चट्टा नाही. पुढचं पान उघडेना. जगातल्या सगळ्या मोबाईलांच्या मते तिची मुलगी ठणठणीत होती.

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की गावात आणखी किती हिरव्या खुणा असतील. तिने काकाजींना बरोबर घेतलं, वरच्या कचेरीला हाताने लिहिलेला अर्ज पाठवला आणि पीस घेऊन दारोदार निघाली. तोंडावर, हातापायांवर, चट्टा असो नसो, सगळ्यांना पीस लावायचं.

पहिलंच दार शेवंताचं होतं.

"कायले?" शेवंता उंबऱ्यातच उभी राहिली. तिची मुलगी समिधा मागून डोकावत होती. समिधा नक्षीच्याच वर्गातली. "माह्या घरी कोणाले डाग आहे? दाखव. आहे का एक तरी?"

"डाग नाही म्हणूनच वो बाई. आतून असू शकते."

"तुह्या पोरीले झालं म्हणून सगळ्यायले झालं पाह्यजे का तुले? सहा महिन्यांनी समिधाच्या मावशीचं लग्न आहे. आमच्या घरात पीस फिरलं हे बाहेर कळलं, तर पाहुणे काय म्हणतीन?"

"शेवंता, मी पण असंच म्हटलं होतं. सहा दिवसांसाठी."

"तू म्हटलं ना? मंग तूच भोग," शेवंता म्हणाली. म्हणून झाल्यावर तिलाही ते जड गेलं असावं, कारण दार तिने हळू लावलं. पण लावलं.

दुसरं दार, तिसरं दार. कुणी पाणी विचारलं आणि पीस नको म्हणाले. कुणी वेशीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं. एका म्हाताऱ्याने हात पुढे केला, त्याला सुनेने आत बोलावून घेतलं. आठवडाभरात त्या दोघांना अकरा माणसं तपासता आली. वरच्या कचेरीचं उत्तर आलं: चट्टा नसलेल्या व्यक्तींच्या तपासणीची तरतूद नाही.

घरी नक्षी काळा चष्मा लावून बसायची. दर तासाला डोळ्यात थेंब घालायचे, दुपारी झोपताना पापणी चिकटपट्टीने बंद करायची. रत्नमाला हे सगळं करायची आणि मुलगी निमूट करून घ्यायची. एकदा पट्टी लावताना नक्षी म्हणाली,

"आई, तू मले पीस लावलं होतं ना? मंडईच्या आधी?"

"हो."

"तवा माझे डोळे उघडे होते."

रत्नमाला पट्टीचा कागद सोलत राहिली.

"काकाजींनी रुमाल बांधला होता. तू काऊन नाही बांधला?"

नऊ-दहा वर्षांच्या मुलीला देता येतील अशी पुष्कळ उत्तरं असतात. विसरले. घाईत होते. मला वाटलं नव्हतं. रत्नमालाने त्यातलं एकही दिलं नाही.

"मले भीती वाटली," ती म्हणाली. "डोळे मिटले आणि तुले नाही कळलं, तर मले सगळ्यायले सांगावं लागलं असतं. म्हणून नाही बांधला. चूक माझी आहे, नक्षे. तुझी काहीच नाही."

 नक्षीने आईच्या हातातून पट्टी घेतली आणि आपली आपण लावली. त्या दिवसापासून थेंबही ती स्वतःच घालू लागली. आईने मदतीला हात पुढे केला, की नुसती नकाराची मान हलवायची.

गोळ्या सुरू होऊन महिना झाला तसं डॉक्टरांनी शाळेत जायची चिठ्ठी दिली. हिच्यापासून कुणाला काही होणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. गुरुजींनी चिठ्ठी वर्गात वाचून दाखवली. तरी नक्षीच्या बाकावर शेजारी कुणी बसलं नाही. पहिले चार दिवस ती एकटीच डबा खाऊन आली. पाचव्या दिवशी रत्नमालाने विचारलं, "आज कोणी बोललं का?" नक्षी म्हणाली, "समिधा बोलली. म्हणे, चष्मा लावून पाहू का." आणि पहिल्यांदाच थोडी हसली.

सहाव्या दिवशी दुपारी रत्नमाला दाराआडून पीस काढायला गेली, तर खिळ्याला नुसता दोरा लोंबत होता.

तिने घरभर शोधलं. काकाजींकडे जाऊन आली. मग एकदम तिच्या मनात काय आलं कोण जाणे, ती तशीच अनवाणी शाळेकडे निघाली.

मधली सुट्टी होती. शाळेमागच्या पिंपळाच्या पारावर पोरं गोळा झाली होती. रत्नमाला भिंतीआड थांबली. पारावर नक्षी बसली होती, काळा चष्मा डोक्यावर सरकवलेला, आणि हातात पीस. पोरांचा खेळ चालला होता. ज्याचा डाव, त्याच्या डोळ्यांवर नक्षी स्वतःचा रुमाल बांधत होती. दोन दोन वेळा गाठ ओढून बघत होती.

"फट ठेवायची नाही," ती दटावत होती. "पाहून सांगितलं तर डाव गेला."

एका पोराचा डाव झाला. त्याचं बोट सगळीकडे बरोबर गेलं, पोरांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्याचा झाला. तोही सुटला. मग समिधा पुढे येऊन बसली, बाह्या वर सारून, दोन्ही हात लांब करून.

नक्षीने तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. पीस उजव्या तळहाताला लावलं. बोट आलं. कोपराला लावलं. आलं. डाव्या मनगटाला. आलं. मग डाव्या हाताच्या मधोमध, जिथे कातडी अगदी नितळ होती.

समिधा बोट उचलून बसली होती.

पोरं हसायची थांबली. नक्षीने पीस उचलून पुन्हा टेकवलं. मग तिसऱ्यांदा.

"लाव ना वं लवकर," समिधा हसत म्हणाली. "घंटा होईन आता."

रत्नमालाला पुढे व्हायचं होतं. पण ती भिंतीआडच राहिली. ही शेवंताची मुलगी. नक्षीने आत्ता काही केलं, तर संध्याकाळी शेवंता दारात येऊन काय काय बोलेल, ते तिला ऐकूही येऊ लागलं होतं. नक्षीलाही ते कळत होतं. तिने एकदा मान वर केली, तेव्हा भिंतीआडची आई तिला दिसली. चांगल्या डोळ्याने तिने आईकडे टक लावून पाहिलं. रत्नमाला  नको म्हणाली नाही.

नक्षीने पीस मांडीवर ठेवलं. दप्तर जवळ ओढलं, त्यातून निळ्या शाईचं पेन काढलं, टोपण दातांनी उघडलं. मग समिधाचा हात आपल्या गुडघ्यावर नीट धरून, काकाजींनी धरला असता तसा, तिने त्या कोऱ्या कातडीवर सावकाश एक कडं काढायला सुरुवात केली.